काजूची भट्टी आणि आपला ऊस
(शेतकी विभागाच्या अभ्यास सहलीचा वृत्तांत)





गळीत हंगाम आटोपला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या, काट्यावरची गर्दी ओसरली, की शेतकी विभागाला चार दिवस उसंत मिळते. या उसंतीत काही सभासदांना बरोबर घेऊन आम्ही कधी पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, तर कधी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पाहून येतो. या खेपेला एप्रिल महिन्यात आम्ही जरा आडवाट धरली. बीड, पंढरपूर, सांगली करीत कोल्हापूर भागातला ऊस पाहिला, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे गोव्यात गेलो आणि तिथे काजूची फेणी काढण्याची जुन्या पद्धतीची भट्टी पाहून आलो.

भट्टी म्हटल्याबरोबर काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. कारखान्याच्या पत्रिकेत दारूच्या भट्टीचे काय काम, असेही कोणी विचारील. विचारावेच. पण हा लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय ते बोलावे, एवढीच विनंती. आम्ही तिथे पिण्यासाठी गेलो नव्हतो, शिकण्यासाठी गेलो होतो. आणि जे शिकलो ते दारूचे कमी अन् उसाचे जास्त निघाले.

जाण्याचे कारण

साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, मळीपासून मद्यार्क तयार होतो. तो इथेनॉल म्हणून पेट्रोलमध्ये मिसळला जातो आणि त्याचा पैसा कारखान्यांच्या हिशेबात येतो, हे आपण वार्षिक सभेत ऐकतो. पण मळीचा मद्यार्क होतो तरी कसा, हे विचारले तर दहातले नऊ सभासद 'यंत्रात होतं' असे सांगतात. आसवनी पाहायला नेले तरी तिथे सगळा मामला बंद टाक्यांत आणि नळ्यांत. आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही ठरवले, की हेच काम जिथे उघड्यावर, हातांनी आणि मडक्यांतून चालते अशा ठिकाणी मंडळींना न्यावे. बैलाचा चरक ज्याने पाहिला त्याला गिरणी चटकन समजते, तसेच हे.

आमच्याबरोबर अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील सभासद होते. त्यांत एक ज्येष्ठ सभासद माळकरी. पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा म्हणाले, "मी येतो, पण भट्टीच्या आत पाय ठेवणार नाही. बाहेर झाडाखाली बसतो." आम्ही म्हटले, ठीक आहे. पण सगळ्या सहलीत सर्वांत मोलाची गोष्ट कोणाच्या नजरेला आली असेल तर ती बाहेर बसलेल्या आबांच्या. ते पुढे येईलच.

बोंडापासून फेणीपर्यंत

आपल्याकडे बोंड म्हटले की कपाशीचे. कोकणात आणि गोव्यात मात्र बोंड म्हणजे काजूचे पिवळे किंवा लाल, रसाळ फळ. तिकडे त्याला बोंडू म्हणतात. आपण जी काजूची बी खातो ती या बोंडाच्या खाली, बाहेरच्या बाजूला लटकलेली असते. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते गोव्यात आणले आणि डोंगरउतारावर ते असे रुजले की आता तिथलेच वाटते.

बीला भाव चांगला; पण बोंड वजनाने बीच्या आठ-दहा पट भरते आणि एका दिवसात नासायला लागते. त्याचे करायचे काय? गोव्यातल्या लोकांनी त्यावर उपाय काढला तो फेणीचा. फेणी तिकडे माडाच्या ताडीचीही होते आणि ती जास्त जुनी आहे. पण आम्ही पाहिली ती काजूची.

सत्तरी तालुक्यात एका डोंगराच्या पायथ्याशी ही भट्टी होती. मालक परवानाधारक, चार पिढ्यांचा धंदा. हंगाम मार्च ते मे. सकाळी लवकर घरची बाया-माणसे टोपल्या आणि टोकदार काठ्या घेऊन बागेत जातात. झाडावरचे फळ तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेले तेवढेच काठीच्या टोकाने उचलतात, पीळ देऊन बी वेगळी करतात आणि बोंड टोपलीत टाकतात.

ती बोंडे खडकात किंवा दगडात कोरलेल्या उथळ कुंडात टाकतात. त्याला कोळमी म्हणतात. तिथे माणसे पाय स्वच्छ धुऊन बोंडे तुडवतात. काही ठिकाणी आता त्यासाठी छोटी यंत्रे आली आहेत. रस बाजूच्या भांड्यात उतरतो. तुडवलेल्या चोथ्याची मोठी ढेप करून ती वेलाने आवळतात आणि वर दगडाचे वजन ठेवतात. त्या ढेपेतून थेंब थेंब निथळतो तो नीरो. तो गोड असतो, त्यात नशा नसते, उन्हाळ्यात तिकडे घरोघर पितात. आमच्या मंडळींनी नीरोचे दोन-दोन पेले घेतले. आबांनाही बाहेर नेऊन दिला. त्यांनी आधी तीनदा विचारले, "यात काही नाही ना?" आणि मग म्हणाले, "आपल्या रसवंतीसारखंच आहे, पण जिभेला तुरट लागतं." बरोबर आहे. काजूच्या रसात टॅनिन असते, त्याची ती चव.

तुडवून काढलेला रस कोडेम नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणात भरतात. रांजण जमिनीत अर्धा पुरलेला असतो, म्हणजे उन्हाळ्यातही तो फार तापत नाही. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, साखर घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत जे यीस्ट असते तेच कामाला लागते. साधारण तीन दिवस रस आंबतो. दुसऱ्या दिवशीच्या रांजणाला आम्ही कान लावला, तर आत बारीक पाऊस पडतोय असा आवाज येत होता. वर फेस आलेला. तिसऱ्या दिवसानंतर आवाज मंदावतो, फेस बसतो. मालक म्हणाले, "आवाज थांबला की रस तयार. घड्याळ बघत नाही आम्ही."

हा आंबलेला रस तांब्याच्या भांड्यात घालतात. त्याला भाण म्हणतात. खाली लाकडाचा जाळ. भाण्याचे तोंड बंद करून सांधा वारुळाच्या मातीने लिंपतात, म्हणजे वाफ निसटत नाही. भाण्यातून निघालेली नळी दुसऱ्या भांड्यात जाते. त्याचे नाव लावणी. हे नाव ऐकल्यावर आमची मंडळी खो-खो हसली; कारण आपल्याला दोनच लावण्या माहीत, एक बेण्याची आणि दुसरी तमाशातली! या लावणीवर पूर्वी सारखे गार पाणी ओतत बसावे लागे. आता बऱ्याच भट्ट्यांवर नळीचे वेटोळे पाण्याच्या टाकीत बुडवलेले असते. वाफ गार होते आणि थेंब थेंब पडू लागते.

पहिल्या धारेला हुर्राक म्हणतात. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. हुर्राक पुन्हा ताज्या आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले, की फेणी मिळते. तिच्यात मद्यार्क ४० ते ४५ टक्क्यांच्या घरात. जुने लोक बाटली हलवून वर येणारा फेस आणि बुडबुडे पाहून ताकद ओळखतात. फेण म्हणजे फेस, त्यावरूनच फेणी हे नाव पडले असे सांगतात.

या फेणीला सन २००९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. आपल्या देशातल्या मद्यांत हा मान तिला पहिल्यांदा मिळाला. पुढे २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. योगायोग असा, की त्याच २०१६ साली आपल्या जालन्याच्या मोसंबीलाही जीआय मिळाले. आमच्यातले एक मोसंबीवाले सभासद हे ऐकून म्हणाले, "त्यांनी नावाचं सोनं केलं, आपण अजून फाईलमध्येच ठेवलंय." विचार करण्यासारखे बोलणे आहे.

आंबणे म्हणजे काय?

आता थोडे शास्त्र सांगतो. कंटाळू नये, कारण उसाचा सगळा धडा यातच आहे.

यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा, एकपेशीय जीव आहे. तो साखर खातो आणि तिचे दोन पदार्थ करतो. एक मद्यार्क, दुसरा कर्बवायू. रांजणातला तो पावसाचा आवाज या कर्बवायूच्या बुडबुड्यांचा. हिशेबाने १०० किलो ग्लुकोजपासून ५१ किलो मद्यार्क आणि ४९ किलो वायू होतो. प्रत्यक्षात याहून थोडे कमीच हाती लागते. आंबण्याचे काम सजीव यीस्टच करते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी प्रयोगांनी सिद्ध केली. तोवर लोक हजारो वर्षे आंबवत होते, पण आत कोण काम करतंय हे ठाऊक नव्हते.

मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून आंबलेला रस तापवला की वाफेत मद्यार्काचे प्रमाण जास्त येते. ती वाफ गार केली की झाले ऊर्ध्वपातन. साखर कारखान्याच्या आसवनीत हेच चालते. बोंडाच्या रसाऐवजी मळी, कोडेमऐवजी पोलादी टाक्या, भाण्याऐवजी उंच मनोरे, आणि लावणीऐवजी गार पाण्याचे संयंत्र. मळीत पाणी घालून यीस्ट सोडतात, आंबवणात साधारण ८ ते १० टक्के मद्यार्क तयार होतो आणि मनोऱ्यातून तो शुद्ध करतात. यीस्ट तेच, काम तेच.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साखर खाणारा जीव एकटा यीस्टच नाही. साखर दिसली की जिवाणूही तुटून पडतात. कोण आधी पोचतो, यावर पुढचे सगळे अवलंबून. यीस्ट आधी पोचले तर फेणी, जिवाणू आधी पोचले तर व्हिनेगर नाहीतर चिखल. म्हणून भट्टीवाले रांजण धुऊन, उन्हात वाळवून घेतात, नासके बोंड बाजूला टाकतात आणि सकाळी वेचलेला माल त्याच दिवशी तुडवतात. दुसऱ्या दिवसावर ठेवत नाहीत.

जपानातला तांदळाचा प्रकार

जगात हे काम सर्वांत नेटकेपणाने कोण करते, असे विचारले तर जपानच्या साके करणाऱ्यांचे नाव पुढे येते. साके म्हणजे तांदळाचे मद्य. कोबे शहराजवळचा नाडा हा भाग त्यासाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. परदेशातून प्रवासी मुद्दाम या जुन्या लाकडी वखारी बघायला जातात. दारावर देवदाराच्या पानांचा मोठा गोळा टांगलेला असतो. गोळा हिरवागार असेल तर नवे मद्य तयार झाले असे समजावे. पुढे तो वाळून तपकिरी होत जातो, तसे आतले मद्य मुरत जाते.

तांदळात साखर नसते, पिष्ट असते. पिष्टाची साखर करण्यासाठी ते लोक वाफवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. मग एकाच टाकीत बुरशी पिष्टाची साखर करते आणि त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. तांदूळसुद्धा साधा वापरत नाहीत. वरचा थर घासून काढतात. उंची प्रकारात दाण्याचा ४० ते ५० टक्के किंवा त्याहून जास्त भाग घासला जातो. हे काम थंडीत करतात, कारण थंडीत नको ते जिवाणू मंद असतात. या कामाच्या प्रमुख कारागिराला तोजी म्हणतात. कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळावर गुळव्याचा शब्द जसा अखेरचा, तसा तिथे तोजीचा. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजी वापरून मद्य करण्याच्या या जपानी विद्येची जगाच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली.

आता महत्त्वाची गोष्ट. जपानी लोक नात्तो नावाचा आंबवलेला सोयाबीन खातात. पण साकेच्या वखारीत काम करणारे लोक हंगामभर नात्तोला हात लावत नाहीत, आणि बघायला येणाऱ्या प्रवाशांनाही सांगतात, की येण्याआधी नात्तो खाऊ नका. का? तर नात्तोतला जिवाणू अतिशय चिवट. तो कपड्यांवरून, हातांवरून आत गेला तर कोजीचा घाण्याच्या घाणा बिघडवू शकतो. पाहुण्याच्या न्याहारीपर्यंत ज्यांची काळजी पोचते, त्यांच्या मालाला जगात नाव असते, यात नवल काय?

आबांनी विचारलेला प्रश्न

भट्टी पाहून आम्ही बाहेर आलो तेव्हा आबा फणसाच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी आत काय आहे ते विचारलेच नाही. ते म्हणाले,

"साहेब, मी सकाळपासून मोजतोय. ती बाई पहिली टोपली घेऊन आली तेव्हा सूर्य झाडाच्या शेंड्यावर होता. आता दुपार कलली. सकाळचं सगळं फळ तुडवून झालं. जमिनीवर पडलेलं, फुकटचं फळ हे लोक संध्याकाळपर्यंत ठेवत नाहीत. अन् आपण दीड वर्ष रक्त आटवून वाढवलेला ऊस तोडून तीन-तीन, चार-चार दिवस फडात टाकतो. मग दारूवाले शहाणे का आपण?"

कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही. कारण आबांचा बाण कोणाला लागला होता हे आम्हाला ठाऊक होते.

गेल्या एका हंगामात घनसावंगी तालुक्यातल्या एका सभासदाला आमच्याच विभागाने तोडीचा कार्यक्रम दिला. टोळी वेळेवर गेली, ऊस तुटला, मोळ्या बांधून झाल्या. पण त्याच दोन दिवसांत वाहने दुसऱ्या गटाकडे वळवली गेली होती आणि ती बदली आम्ही फडावर कळवलीच नाही. ऊस चार दिवस उन्हात पडून राहिला. त्या सभासदाने रोज फोन केला, आम्ही रोज 'आज येईल' म्हणालो. काट्यावर आला तेव्हा मोळ्या हलक्या झाल्या होत्या, टोकाला आंबूस वास येत होता. वजनाची पावती हातात घेऊन तो आमच्याकडे बघत राहिला. भांडला असता तर बरे वाटले असते. मुलीचे लग्न त्या उसावर होते, हे आम्हाला नंतर कळले. लग्न झाले, पण कर्ज काढून.

चूक टोळीची नव्हती, वाहनवाल्याची नव्हती, सभासदाची तर नव्हतीच. चूक आमच्या विभागाची होती. ती या पत्रिकेत लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विसरणार नाही.

तोडल्यावर उसात काय होते?

ऊस तुटला तरी मेलेला नसतो. त्याचा श्वास चालू असतो आणि श्वासासाठी तो आपलीच साखर खर्च करतो. पाणी उडते, वजन घटते. उसातलाच इन्व्हर्टेज नावाचा घटक साखरेचे तुकडे करतो. या तुकड्यांना ग्लुकोज आणि फ्रुक्टोज म्हणतात. रसाला गोडी राहते, पण त्यांचे दाणे पडत नाहीत. ते मळीत जातात आणि जाताना चांगली साखरही बरोबर ओढून नेतात.

त्यातच कोयत्याच्या कापावरून जिवाणू आत शिरतात. त्यांत ल्युकोनॉस्टॉक नावाचा जिवाणू मुख्य. जपान्यांना जसा नात्तोचा जिवाणू, तसा आपल्याला हा. तो साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतो. त्याने रस घट्ट होतो, गाळणीतून उतरत नाही, पाकाला वेळ लागतो आणि साखरेचे दाणे लांबट, वेडेवाकडे येतात. म्हणजे एका फडातला शिळा ऊस दुसऱ्याच्या ताज्या उसाचेही नुकसान करतो, कारण गव्हाणीत सगळ्यांचा ऊस एकच.

काही जण म्हणतात, "साखर मळीत गेली तर आसवनीत तिचा मद्यार्क होतो, मग तोटा कुठे?" हे अर्धेच खरे. श्वासात जळालेली साखर मळीत जात नाही, हवेत जाते. जिवाणूंनी खाल्लेली साखर यीस्टला मिळत नाही. आणि आपल्या दराचा पाया साखर उतारा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्याच्या वर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा. एक लाख टन गाळपावर उताऱ्यात नुसता ०.१ टक्का फरक पडला, तरी १०० टन, म्हणजे १,००० क्विंटल साखर कमी-जास्त होते. हा पैसा कोणाच्या खिशातून जातो, ते सांगायला नको.

भट्टीवरून घरी आणायच्या पाच गोष्टी

१. पिकल्याशिवाय हात लावू नये. ते लोक गळून पडलेलेच फळ घेतात. आपणही पक्व ऊसच तोडावा. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांच्या लागणीच्या तारखा नोंद वहीत बिनचूक द्याव्यात. तोडीची पाळी त्यावरच लागते. लवकर तोड मिळावी म्हणून लागणीची तारीख मागे ओढणारे सभासद स्वतःच्याच उताऱ्यावर कोयता चालवतात. ब्रिक्स मापकाने उसाच्या वरच्या आणि खालच्या कांड्यांचा रस तपासावा. दोन्हीत फरक थोडा राहिला की ऊस पक्व. तोडीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडावे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी आली म्हणून तोडीच्या तोंडावर पाणी सोडण्याचा मोह टाळावा.

२. तोड आणि गाळप यांत २४ तासांपेक्षा जास्त अंतर नको. वाहन फडावर लागल्याशिवाय कोयता लावू देऊ नये. टोळीने घाई केली तरी सभासदाने ठाम राहावे. उशीर होणारच असेल तर मोळ्या सावलीत, पाचटाने झाकून ठेवाव्यात. जळालेला ऊस आणखी लवकर बिघडतो. तो आधी कळवावा आणि आधी घालावा.

३. जमिनीलगत तोडावे, शेंडा उडवावा. बुडख्याच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त, शेंड्यात सर्वांत कमी. चार बोटे बुडखा शेतात राहिला तर तेवढी साखर शेतात राहते आणि खोडव्याची फूटही वरून, कमकुवत येते. वाढे जनावरांना घालावे, कारखान्याला नव्हे.

४. मोळीत ऊसच असावा. पाचट, माती, मुळ्या, पाणकोंब यांत साखर नसते, पण ते साखर शोषून घेतात आणि मातीबरोबर जिवाणूही आत जातात. जपानी माणूस नात्तो बाहेर ठेवतो, आपण निदान चिखल तरी बाहेर ठेवू. पाचट शेतातच कुजवावे, जाळू नये.

५. चोथ्याचेही मोल करावे. बोंड फेकून दिले असते तर फेणी झाली नसती. आपल्याकडे बगॅसपासून वाफ आणि वीज, मळीपासून मद्यार्क, प्रेसमडपासून खत होते. आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो. तो ओढ्यात गेला तर विहिरी नासतात. नीट प्रक्रिया केली तर त्याचेही इंधन आणि खत होते. यातून काय आले, किती आले आणि कुठे गेले, हे वार्षिक सभेत विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. विचारावे.

दारूबद्दल दोन शब्द

ही पत्रिका घरातल्या बायका आणि शाळेतली मुलेही वाचतात. म्हणून हे स्पष्ट लिहितो. आम्ही फेणीचे शास्त्र सांगितले, पिण्याची शिफारस केलेली नाही. आपल्या भागात दारूने किती घरे बसली, किती सातबारे फिरले, हे आम्ही फडाफडांवर हिंडून पाहिलेले आहे. ज्या गावांत महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांचे आम्हाला कौतुकच आहे.

आणि हे वाचून कोणी घरी रांजण पुरू नये. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठे भय जिवाचे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे गेली. तिच्यात मिथेनॉल होते. ते दिसायला आणि वासाला आपल्या मद्यार्कासारखेच असते. पण त्याने डोळे जातात, मग प्राण जातो. कारखान्याच्या आवारातला औद्योगिक मद्यार्कही पिण्यासाठी नसतो, हे कामगार बंधूंनीही ध्यानात ठेवावे.

परतताना दोघा-तिघांनी 'एखादी बाटली गावाकडं नेऊ या' असा विषय काढला होता. सीमेवर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते, हे तर आम्ही सांगितलेच. पण विषय मिटवला तो आबांनी. ते म्हणाले, "न्यायचंच असेल तर ती टोपलीवाली बाई काय करत होती ते न्या. त्याला परवाना लागत नाही." बाटलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मंडळींनी भाजलेले काजू मात्र भरपूर घेतले.

पुढील हंगामासाठी

या सहलीवरून शेतकी विभागाने स्वतःपुरता एक नियम केला आहे. येत्या हंगामात तोडीच्या चिठ्ठीवर तोडीची तारीख आणि वेळ लिहिली जाईल, आणि काट्यावर वजनाची वेळ. दोन्हींतले अंतर दर आठवड्याला गटवार काढून गट कार्यालयाच्या फलकावर लावू. ज्या गटात अंतर वाढले तिथे आधी आमच्या लोकांना जाब विचारला जाईल, मग दुसऱ्या कोणाला. वाहन वळवायचे झाले तर फडावर कळवल्याशिवाय वळणार नाही. सभासदांनीही आपली चिठ्ठी जपून ठेवावी आणि अंतर जास्त दिसले तर आमच्याकडे यावे. रागावून आलात तरी चालेल.

ज्यांचा ऊस चार दिवस पडून राहिला त्या सभासदाकडे सहलीनंतर आम्ही जाऊन आलो. खोडवा चांगला फुटला आहे. त्यांनी चहा दिला आणि जाताना एवढेच म्हणाले, "साहेब, यंदा गाडी बघूनच कोयता लावीन." आम्ही म्हटले, "लावाच. आणि गाडी नाही दिसली तर कोयत्यासकट आमच्या दारात या."

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी